बिनकामटीचा पतंग

पतंगाला ताकद असते हे आपल्याकडं कुणाला पटवून द्यावं लागत नाही, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या कुठल्याही पोराची तर्जनी उलटी करून पाहावी, मांज्यानं ओढलेल्या रेघा तिथं असतातच. पण ती ताकद केवढी, आणि एवढ्याशा कागदात ती येते कुठून, असं विचारलं की भली जाणती माणसंसुद्धा "वारा असतो हो" म्हणून मोकळी होतात. वारा असतो हे खरंच. पण वारा माळावरच्या बाभळीलाही लागतो, आणि दोरी बांधली तरी बाभूळ काही कुणाला ओढून नेत नाही. तेव्हा जरा सरकून बसा, वात थोडी वर करतो, आणि पार अमेरिकेतल्या एका तळ्यापासून सुरुवात करू.

तळं होतं बॉस्टन गावाकडचं, आणि त्याच्या काठी पतंग उडवत उभा असलेला पोरगा होता बेंजामिन फ्रँकलिन. तोच, ज्याचं नाव पुढं वादळातल्या विजेशी आणि पतंगाशी कायमचं जोडलं गेलं, पण ती गोष्ट शाळेत सांगून सांगून तिचा चोथा झालाय, आणि मला विचाराल तर ही तळ्याची गोष्ट तिच्याहून सरस आहे. उकाड्याचा दिवस. पोहायची हुक्की आली म्हणून त्यानं पतंगाचा दोरा खुंटीला बांधला आणि पाण्यात शिरला. थोड्या वेळानं त्याला वाटलं, पोहणंही हवं आणि पतंगही हवा, मग दोन्ही एकदम का नको? बाहेर येऊन दोऱ्याच्या टोकाची काठी सोडवली, ती हातात धरून पाण्यावर उताणा पडला, आणि पतंगानं त्याला हातपाय न हलवता तळ्याच्या पलीकडं नेऊन घातलं. पोरगं हुशार कसं बघा, पलीकडच्या काठाला उघडंनागडं उभं राहायला नको म्हणून एका सोबत्याला कपडे देऊन तळ्याला वळसा घालून आधीच धाडलं होतं! पुढं म्हातारपणी एका फ्रेंच स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्यानं ही हकिगत सांगितली, आणि असं करत डोव्हरहून कॅलेपर्यंत अख्खी इंग्लिश खाडीसुद्धा ओलांडता येईल असं त्याला वाटत होतं. मात्र टपालाची बोट त्यापेक्षा अजून तरी बरी, अशी मखलाशीही त्यानं जोडली.

म्हाताऱ्यानं गमतीत लिहिलेलं कुणी मनावर घेतं का? घेतलं. सॅम्युअल कोडी नावाचा एक अमेरिकन गडी इंग्लंडात येऊन नाटकगृहांतून घोड्यांचे आणि बंदुकीचे खेळ करून दाखवायचा, लांब केस, टोकदार मिशा, डोक्यावर रुंद काठाची टोपी, आणि पतंगाचं वेड म्हणाल तर खेळातली सगळी कमाई त्यात घालणारं. 1903 च्या नोव्हेंबरात हा कॅलेला एका लहानशा होडीत बसला, होडीपुढं पतंग जुंपला, आणि 13 तासांनी डोव्हरला लागला. फ्रँकलिननं सांगितलेल्या वाटेनं, फक्त उलट दिशेनं. हाच कोडी पुढं 1908 मध्ये फार्नबरोला इंग्लंडच्या भूमीवरून इंजिनाचं विमान उडवणारा पहिला माणूस ठरला, त्यामुळं त्याला नुसता तमासगीर म्हणून सोडून देता येत नाही.

पण पतंग खऱ्या अर्थानं गाडीला जुंपला तो त्याच्याही पाऊणशे वर्षं आधी, आणि तोही एका शाळामास्तरानं. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज पोकॉक नावाचे मास्तर होते. मास्तर लोकांना रिकामा वेळ मिळाला की काय होतं याचा हा माणूस म्हणजे नमुना: वात्रट पोरांना आपोआप चापट्या मारणारं एक यंत्र त्यांनी तयार केलं होतं म्हणतात, आणि ते पाहून पोरं सुधारली की आणखी बिघडली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. लहानपणापासून पतंगाचा नाद. आधी दोऱ्याला दगड बांधून पाहिले, मग फळ्या, मग त्या फळ्यांवर पोरं, असं करत करत 1820 च्या दशकात त्यांनी एक अजस्र पतंग केला, त्याच्या दोऱ्याला खुर्ची टांगली, आणि त्या खुर्चीत आपल्या पोटच्या पोरीला, मार्थाला, बसवून अडीचशे फुटांच्या वर चढवलं. पोरगी सुखरूप खाली आली. हीच मार्था पुढं डब्ल्यू. जी. ग्रेसची आई झाली. तोच तो दाढीवाला ग्रेस, ज्याला क्रिकेटचा आजोबा म्हणावं. म्हणजे बघा, त्या दिवशी दोरा तुटला असता तर क्रिकेटच्या इतिहासाचं काय झालं असतं, या विचारानं माझ्यासारख्या रेडिओला कान लावून वाढलेल्या माणसाच्या पोटात अजून गोळा येतो.

पोकॉक मास्तरांनी 1826 मध्ये पेटंट घेतलं ते मात्र गाडीचं. हलकी गाडी, पुढची चाकं वळवायला दांडा, थांबायला जमिनीत रुतणारा लोखंडी अडसर, आणि घोड्यांच्या जागी एकापुढं एक दोन पतंग. वरचा लहान पतंग खालच्या मोठ्याला उचलून धरायचा, आणि मोठ्याला चार दोऱ्या, म्हणजे त्याला कलवता यायचं, डावा-उजवा करता यायचं, आणि जोर नको असेल तेव्हा पाडून आडवा करता यायचा. ही चार दोऱ्यांची युक्ती नीट लक्षात ठेवा. गाडी ताशी 20 मैलांपर्यंत पळायची, म्हणजे त्या काळच्या टपालगाड्यांना मागं टाकायची. सांगतात की एकदा तिनं ग्लॉस्टरच्या ड्यूकच्या बग्गीलाही मागं टाकलं, आणि मग मास्तरांना रीतभात आठवली म्हणून गाडी थांबवून ड्यूकसाहेबांना पुढं जाऊ दिलं. आणि खरी गंमत टोलनाक्यावर. त्या वेळी टोल घ्यायचे तो जनावरांच्या हिशेबानं, एक घोडा असेल तर इतके, चार असतील तर तितके. पतंगाचा दर कुठल्याच फळ्यावर लिहिलेला नाही, मग मास्तर फुकटात पार. आपल्याकडचे नाकेवाले असते तर त्यांनी पतंगाची शेपटी मोजून पावती फाडली असती.

एवढं सगळं असूनही गाडी चालली नाही, म्हणजे धावली पण रुजली नाही. झाडं, वळणं, गावातली घरं, पडलेला वारा. आणि मुख्य म्हणजे पतंग मोठमोठाले, लाकडी सांगाड्यांचे, उचलायला माणसं लागायची. पुढं रेल्वे आली आणि विषय संपला. ताकद हवी तर पतंग मोठा हवा, हीच समजूत पुढं शंभर-सव्वाशे वर्षं टिकली.

ती मोडली कामटी काढून टाकणाऱ्यांनी. पतंगाची कामटी काढायची ही कल्पनाच आपल्याकडच्या कारागिराला चहा सांडेपर्यंत हसवेल, पण 1948 मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस रोगालो नावाच्या विमानविद्येच्या इंजिनिअरानं आणि त्याची बायको गर्ट्रूड हिनं घरातल्या फुलाफुलांच्या पडद्याचं कापड वापरून बिनकामटीचा पतंग शिवला, नुसत्या दोऱ्यांच्या ताणावर आकार धरणारा, आणि तो उडाला. मग 1964 च्या सुमारास फ्लोरिडातल्या डोमिना जॅल्बर्टनं पुढचं पाऊल टाकलं. त्यानं दोन कापडं एकावर एक ठेवून मधे कापडाच्याच उभ्या भिंती शिवल्या आणि पुढची तोंडं उघडी ठेवली. वारा समोरून आत शिरतो, कोंडतो, कप्पे फुगतात, आणि जमिनीवर चिंधीसारखं पडलेलं कापड विमानाच्या पंखाचा घाट धरतं. सांगाडा वाऱ्याचाच. आज छत्रीधारी जवान ज्या चौकोनी छत्रीनं उतरतात ती, आणि कामशेतला डोंगरावरून पोरं ज्याच्या आधारानं तरंगतात ते पॅराग्लायडरही याच वंशातले.

आता आमच्या भाच्याच्या पोरानं हाच प्रकार लहानात लहान करून आणला होता. दापोलीकडं कर्द्याचा किनारा आहे, ओहोटीला पुळण मैदानासारखी पसरते, आणि फाल्गुनाच्या दुपारी खारा वारा कसा एकसारखा येतो. पोरानं पिशवीतून एक गठुळं काढलं, कोटाच्या खिशात जाईल एवढं, आणि ते वाळूवर पसरलं तर सहा हात लांब आणि पावणेदोन हात रुंद, म्हणजे मोजून दोन चौरस मीटरच्या आतबाहेर. खालच्या बाजूला जाळ्यासारख्या बारीक दोऱ्या, त्या सगळ्या मिळून चार दोऱ्यांत आलेल्या, आणि त्या चार दोऱ्या दोन मुठींना. वरच्या दोन ओढायच्या, खालच्या दोन आवरायच्या. पोकॉक मास्तरांच्या चार दोऱ्या त्या ह्याच, पण दोरा कसला, डायनिमा नावाच्या कृत्रिम धाग्याचा, शिवणाच्या दोऱ्याहून थोडासा जाड आणि माणूस लटकवला तरी तुटणार नाही असा.

किनाऱ्यावर नारळ भरणारा एक गडी उभा होता, दांडगा, पोतं पाठीवर घेऊन माडांतून गाडीपर्यंत धावत जाणारा. तो हसला. पोरानं त्याच्या हातात मुठी दिल्या आणि पतंग त्याच्या डोक्यावर नेऊन उभा केला. तिथं पतंग अगदी गुणी, गडी एका हातानंही धरू शकला असता, आणि "इतकाच काय?" असं तोंड करून त्यानं आमच्याकडं पाहिलंही. मग पोरानं त्याला सांगितलं, उजवी मूठ ओढा. पतंगानं कूस बदलली, कानाला ऐकू येईल असा सूंऽऽ करत समोरून आडवा खाली झेपावला, आणि गडी टाचा रोवून, मागं रेलून, वाळूत दोन लांब तास पाडत चालू लागला, म्हणजे पाय चालत नव्हते, माणूस चालत होता. नव्या खोंडाचा कासरा हातात आल्यासारखी त्याची गत झाली. पतंग पलीकडच्या कडेला पोचला आणि ओढ आपोआप विरली. गडी वाळू झाडत म्हणाला, "ह्याच्यात कोण बसलाय काय?"

प्रश्न बिनचूक होता. कोण बसलंय ते सांगतो, त्यासाठी थोडं गणित, पण भागाकार नाही, नुसता गुणाकार. हवा आपल्याला बिनवजनाची वाटते, परंतु मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर उंच पेटीत मावणारी हवा समुद्रकाठी सुमारे 1.2 किलो भरते. त्या दुपारसारखा वारा धरा, ताशी 22 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 6 मीटर. एवढ्या वाऱ्यात दोन चौरस मीटरचा पतंग एका जागी थांबला असेल तर त्याची ओढ येते साधारण साडेतीन किलो. झालं, गड्यानं नाक मुरडलं ते यालाच. पण वाऱ्याच्या जोराचा एक खोडसाळ नियम आहे. कापड दुप्पट केलं तर जोर दुप्पटच होतो, वारा मात्र दुप्पट वेगानं आला तर जोर चौपट होतो, आणि तिप्पट वेगानं आला तर नऊपट. आणि पतंगाला लागणारा वारा म्हणजे वाळूवर आपल्या गालाला लागणारा वारा नव्हे. पतंग आडवा धावतो तेव्हा तो स्वतःच्या धावण्यानं स्वतःपुरता वारा तयार करतो. सेकंदाला 6 मीटरच्या वाऱ्यात हा बहाद्दर 18 मीटरच्या वाऱ्यात असल्यासारखा वागतो. साडेतीन गुणिले नऊ, एकतीस-बत्तीस किलो! तेही छातीच्या उंचीवर, आडवे, आणि झटक्यासरशी. त्यात एखादी वाऱ्याची झुळूक 6 ऐवजी 8 मीटरची आली, जी आपल्याला कळतही नाही, तर तीच ओढ पन्नाशी ओलांडते.

तुम्ही म्हणाल, वाऱ्यानं उडणारी वस्तू वाऱ्याहून जोरात कशी धावेल? शंका रास्त आहे. दोरा नसता तर नसतीच धावली, वाऱ्याबरोबर वाहत जाऊन कुठंतरी केवड्याच्या बनात अडकली असती. पण दोऱ्यानं तिला वाऱ्यामागं जायची वाट बंद केली. वारा ढकलतोय, दोरा सोडत नाही, आणि पंखाचा घाट असा की जोराचा थोडा भाग पुढच्या बाजूला कलतो. मग उरलेल्या एकाच दिशेनं, आडवं, पळणं आलं. पळाला की वारा वाढला, वारा वाढला की जोर वाढला, जोर वाढला की आणखी पळाला. हे चक्र कायम चालत नाही, कारण हवेचा अडथळाही बरोबरच वाढतो आणि एका वेगाला दोघांचं जमतं. बिनकामटीच्या पंखाचं मोठेपण एवढंच की त्याचा अडथळा कमी आणि उचल जास्त, म्हणून त्याचं हे जमणं वाऱ्याच्या कितीतरी पुढच्या वेगाला होतं. पोकॉक मास्तरांचा पतंग बहुतेक एका जागी उभा राहून ओढायचा, म्हणून त्याला कापड एवढं लागायचं.

हे आपल्या पतंगबाजाच्या बोटांना केव्हाच ठाऊक आहे. येवल्याचा आसारीवाला, म्हणजे दोऱ्याची चक्री धरलेला पतंगबाज, घ्या. ढील दिली की पतंग सपाट होतो आणि जागच्या जागी गिरक्या घेतो, आणि त्याचं नाक हव्या त्या बाजूला आलं की उडवणारा सरसर दोरा ओढतो. ओढल्याबरोबर कमान वाकते, पतंगाला पोट येतं, आणि तो नाकाच्या रेषेत सुटतो. पेचाच्या वेळी बोट कापतं ते याच सुटण्यात, शांत उभ्या पतंगानं कधी कुणाचं बोट कापलेलं मी पाहिलं नाही.

आणि ज्यांना पतंगाचं वेड नाही त्यांनी साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर जावं. तिथल्या पवनचक्क्या पाहून आमच्या एका शेजाऱ्यानं मोठी तक्रार केली होती, की एवढं मोठं वर्तुळ आणि त्यात तीनच काड्या, बाकी सगळा वारा फुकट चालला, सरळ गोल पत्राच का ठोकत नाहीत? तीन काड्या पुरतात, कारण त्या वाऱ्याला आडव्या धावतात. मोठ्या चक्कीच्या पात्याचं टोक भरात असलं की ताशी 200 किलोमीटरच्या पुढं असतं, आणि बहुतेक काम त्या टोकाकडचा भागच करतो. 1980 मध्ये माइल्स लॉइड या अमेरिकन इंजिनिअरानं यावरून एक निबंध लिहिला: काम टोकच करतंय तर खांब, तुंबा, पात्याचा बुंधा यांवर खर्च कशाला, टोकाला दोरा बांधा आणि पतंग म्हणून फिरवा, वीज निघेल. गणित पक्कं होतं. ते पतंग दिवसरात्र हवेत ठेवायचं काम मात्र अजून इंजिनिअरांना घाम फोडतंय.

ओढीच्या पतंगाचं तसं नाही, तो लोकांनी केव्हाच कामाला लावला. 1990 च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिननं तीन चाकांची, पायानं वळवायची, ढुंगण जमिनीला जवळजवळ टेकेल इतकी बुटकी गाडी काढली आणि पोकॉक मास्तरांचा वंश पुन्हा सुरू झाला. फ्रान्सच्या लेगेनू बंधूंनी 1984 मध्ये कडेला हवा भरलेल्या पतंगाचं पेटंट घेतलं, तो पाण्यात पडला तरी पुन्हा उठतो. आपल्याकडं गोव्यात मोरजीला हिवाळ्यात फळीवर उभी राहून लाटांवरून पळणारी मंडळी दिसतात ती अशाच पतंगांच्या जिवावर. अलेक्स केझर्ग या फ्रेंच गड्यानं तर 2017 मध्ये अर्धा किलोमीटर पाणी ताशी 107 किलोमीटरच्या सरासरीनं कापलं. आणि 2008 च्या सुरुवातीला बेलुगा नावाचं मालवाहू जहाज जर्मनीहून व्हेनेझुएलाला निघालं ते नाकापुढं 160 चौरस मीटरचा पतंग सोडून. तो पतंग एका जागी उभा नव्हता बरं का, यंत्र त्याला आकाशात इंग्रजी आठचा आकडा गिरवायला लावत होतं, एकसारखा, थांबायचं नाही. कारण तुम्हाला आता माहीत आहे.

तुमच्यापैकी कुणाला हात करून पाहायचा असेल तर जरूर पाहा, पण विजेच्या तारांपासून लांब, माणसं नसलेल्या पुळणीवर, वारा समुद्राकडून जमिनीकडं येत असताना, आणि पहिल्या दिवशी मंद वाऱ्यातच. पतंग नेहमी डोक्यावर किंवा कडेला ठेवावा, तिथं तो गरीब असतो. समोरच्या पोटात, जिथं वारा थेट भरतो, तिथं कामाशिवाय आणू नये. आणि शिकवणारा सगळ्यांत आधी जे शिकवतो ते उडवणं नसतं, सोडणं असतं: फारच ओढायला लागला की मुठी सोडून द्या, वरच्या दोऱ्या ढिल्या पडल्या की कप्प्यांतली हवा जाते आणि सगळी मस्ती जागच्या जागी चिंधी होते. सांगायला सोपं आहे. नारळाच्या गड्यालाही पोरानं हे आधी दोनदा बजावलं होतं, त्यानं मान डोलावली होती, आणि पतंग झेपावला तेव्हा मुठी होत्या त्याहून घट्ट आवळल्या होत्या. ओढलं की बोटं मिटतात, माणसाचा हातच तसा आहे. म्हणून हल्ली चांगल्या पतंगाला मनगटाला बांधायची एक दोरी देतात, जी मुठी सुटल्या की आवरायच्या दोऱ्यांवर ताण घेते, म्हणजे पतंग पडतो पण पळून जात नाही; मुठी सोडायचं काम मात्र तरीही तुम्हालाच करावं लागतं.